क्लचनं हवा कुठून घेतली? जुन्या ट्रकचा हायड्रॉलिक क्लच ब्लीड करण्याची रीत

ऊस भरलेली गाडी कारखान्याच्या यार्डात रांगेला लागली की चार फूट सरकते, थांबते, परत सरकते. सगळी रात्र डावा पाय क्लचवर. पॅडलमध्ये फरक पडलाय हे ड्रायव्हरला पहिल्यांदा तिथंच जाणवतं. पॅडल अर्ध्यापर्यंत मोकळं जातं, पहिला गिअर टाकताना गाडी पुढं ओढते, रिव्हर्स टाकला की गिअरबॉक्स करकरतो. दोन-तीनदा पंप मारला की गिअर बसतो, म्हणून तसंच चालवत हंगाम काढायचा असं ठरतं. आपल्या बेळगाव भागात हे धोक्याचं आहे. तवंदी घाट, वंटमुरी घाट आणि गोव्याकडं जाणारे चोर्ला, अनमोड हे घाट भरल्या गाडीनं चढताना-उतरताना नेमक्या क्षणी गिअर बदलावा लागतो. तिथं तीनदा पंप मारायला वेळ मिळत नाही, आणि गिअर निसटून गाडी न्यूट्रलमध्ये उताराला लागली तर पुढचं सगळं ब्रेकवर.

पॅडल असं वागण्याचं नेहमीचं कारण म्हणजे क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये शिरलेली हवा. ती काढणं, म्हणजे ब्लीड करणं, अवघड काम नाही. एक माणूस केबिनमध्ये, एक गाडीखाली, तासाभरात होतं. पण एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो: क्लचची लाइन बंद असते, तिच्यात हवा आपोआप शिरत नाही. ती कुठून शिरली हे सापडल्याशिवाय काढली, तर आठवड्यात परत शिरते. म्हणून या लेखात निपलला (हवा काढायचा बारीक पोकळ स्क्रू) पाना लावायच्या आधीचंच बरंच सांगितलंय.

आधी खात्री: दोष हवेचाच आहे का?

जुन्या गाड्यांत काही क्लच रॉडवर किंवा केबलवर चालतात. पॅडलपासून पुढं बघा. पॅडलच्या रॉडला मास्टर सिलिंडर, त्याच्यावर किंवा नळीनं जोडलेला तेलाचा डबा, तिथून बारीक पाइप, शेवटी रबरी होज आणि गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर दिसला, तर क्लच हायड्रॉलिक. स्लेव्हमधला पुश रॉड फोर्कला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो आणि प्लेट सुटते.

एक चाचणी करा. मोकळ्या सपाट जागेत, पुढंमागं कोणी नाही बघून, इंजिन आयडलवर ठेवा. क्लच पूर्ण दाबा, पाच-सात सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. गपकन बसला तर क्लच सुटतोय. करकरला तर प्लेट पूर्ण सुटत नाही. आता क्लच सोडून दोन-तीनदा भराभर पंप मारा, शेवटी दाबून धरा आणि परत तसंच थांबून रिव्हर्स टाका. पंप मारल्यावर गिअर सुखानं बसला, पॅडलही वर आलं आणि कडक लागलं, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा तेल कमी आहे. पंप मारूनही काडीचा फरक पडला नाही, तर संशय दुसरीकडं न्या. प्लेट वाकलेली असेल, शाफ्टच्या दात्यांवर गंज चढून प्लेट सरकत नसेल, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग धरत असेल, नाहीतर फोर्क झिजला असेल. त्यावर हवा काढण्याचा उपयोग नाही, गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

तिसरा प्रकार वेगळाच असतो. इंजिन बंद ठेवून पॅडल हळू दाबून धरलं तर ते सावकाश खाली बसत जातं आणि बाहेर तेलाचा थेंबसुद्धा दिसत नाही. हे बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरच्या आतल्या वायसरचं, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी सीलचं काम. तेल वायसरच्या कडेनं मागं सरकतं. अशा गाडीचा क्लच कितीही ब्लीड केला तरी सिग्नलला उभं राहिलं की पाय खाली जाणारच.

आणि गाडी चढाला आवाज करते, पण पळत नाही, क्लचचा जळका वास येतो, तर ती प्लेट स्लिप होतेय. हवेमुळं क्लच नीट सुटत नाही. धरत नसेल तर कारण हवा नव्हे.

थोडीशी हवा इतकी का नडते

हिशेब मांडून बघूया. समजा मास्टरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १९ मिलिमीटर आणि पिस्टन ३० मिलिमीटर सरकतो. म्हणजे एका दाबात साधारण साडेआठ सीसी तेल पुढं जातं. स्लेव्हचा बोअर २२ मिलिमीटर धरला, तर तेवढ्या तेलानं त्याचा पिस्टन जवळजवळ २२ मिलिमीटर सरकतो. आता पाइपात कुठंतरी २ सीसी हवा अडकलीय. क्लचची स्प्रिंग दाबायला लाइनमध्ये वातावरणाच्या वीसेक पट दाब तयार झाला, की ती हवा आकसून एक दशांश सीसीएवढी उरते. म्हणजे तुमचं जवळपास २ सीसी तेल ती हवा दाबण्यातच संपलं. स्लेव्ह आता १७ मिलिमीटरच सरकणार. क्लच सुटायला १८ लागत असतील, तर गिअर करकरणारच. चहाचा एक चमचासुद्धा भरणार नाही एवढी हवा, आणि क्लच निकामी. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतात, पण हे गणित सगळीकडं लागू पडतं.

म्हणूनच मी आधी आणि नंतर स्लेव्हचा पुश रॉड किती सरकतो हे मोजायला सांगतो. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, केबिनमधला माणूस पॅडल पूर्ण दाबतो आणि खालचा माणूस स्टीलच्या पट्टीनं मोजतो. बोटं फोर्कच्या वाटेत घालायची नाहीत. आकडा खडूनं चासीवर लिहून ठेवा. काम झाल्यावर हाच आकडा सांगेल की हवा खरोखर निघाली की नुसता भास होतोय.

हवा शिरायच्या जागा

पहिली जागा तेलाचा डबा. पातळी इतकी खाली गेली की मास्टरनं तेलाऐवजी हवा ओढली. तेल मात्र उडून गेलेलं नसतं, ते कुठूनतरी गळालेलं असतं.

दुसरी, आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त सापडणारी, स्लेव्हचं रबरी बूट, म्हणजे पुश रॉडवरचं धूळ अडवणारं टोपण. ते उचलून आत बोट फिरवा. ओलं लागलं तर स्लेव्हचा वायसर गेला. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या काळ्या रानात गाडी शेतात उतरते, चिखल स्लेव्हवर बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. पुश रॉड हलेल तसं ते ढेकूळ बूट फाडतं. मग धूळ आत, बोअरवर ओरखडे, वायसर खलास. खानापूरच्या बाजूला पावसाचं पाणी आणि तांबडी माती हेच काम करतात, वर बोअरला गंज चढतो तो वेगळाच.

तिसरी जागा मास्टरची मागची बाजू. पॅडलच्या वर, रॉड जिथं सिलिंडरमध्ये शिरतो तिथं हात लावून बघा. पायाखालच्या मॅटवर तेलाचा डाग असेल किंवा पॅडलच्या दांड्याचा रंग फुगून सुटला असेल, तर मास्टर गळतोय. या लाइनमध्ये बहुधा ब्रेक ऑइलच असतं आणि ते रंग खातं, म्हणून रंग गेलेली जागा गळतीचा माग दाखवते.

चौथी म्हणजे पाइपचे जोड आणि रबरी होज. होज हातात धरा आणि वरच्याला पॅडल दाबायला सांगा. होज फुगल्यासारखा लागला तर बदला. तो फुगण्यातही तुमचं तेल वाया जातं आणि पॅडल अगदी हवा असल्यासारखंच मऊ लागतं.

अशीही गाडी भेटते जिच्यात कुठंच ओल नाही, तरी हवा परत परत शिरते. वायसरची कड दाबाखाली घट्ट बसते, पण पॅडल परत येताना आत जी ओढ तयार होते तिला दाद देत नाही. म्हणजे तेल बाहेर येत नाही, पण हवा आत जाते. असं दिसलं आणि गाडी जुनी असली, तर मास्टर आणि स्लेव्ह दोन्हीची किट (नव्या वायसरांचा संच) एकदमच घाला. एकच बदलली तर नव्या वायसरच्या जोरावर जुना लगेच हार मानतो.

किट घालताना बोअरमधून नख फिरवा. नख अडकेल असा खड्डा किंवा गंज असेल तर सिलिंडरच नवा घ्या. घासून बोअर मोठा करायचा आणि त्याच मापाचे वायसर घालायचे, हा उद्योग करू नका. सुटे भाग फक्त ताज्या ब्रेक ऑइलनं किंवा स्पिरिटनं धुवा. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, ग्रीस यांतलं काहीही या रबराला लागलं तर ते फुगतं आणि काम वाया जातं. नव्या मास्टरची हवा गाडीवर चढवण्याआधीच टेबलावर काढा. पाइप वळवून डब्यात सोडायचा, डबा भरायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत रॉड हळू दाबत राहायचं. हे केलं की पुढचं काम अर्ध्यावर येतं.

पुश रॉडचा मोकळेपणा

हे तपासायचं बरेच जण विसरतात आणि मग दिवसभर पंप मारत बसतात. मास्टरमध्ये डब्याकडं जाणारं एक बारीक भोक असतं. पॅडल पूर्ण वर असताना ते उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे परत आलेलं तेल डब्यात जातं, गरम होऊन वाढलेल्या तेलाला वाट मिळते आणि बारीक बुडबुडे वर निघून जातात. पॅडलच्या रॉडला पिस्टनपासून किंचित मोकळीक नसेल तर वायसर त्या भोकावरच बसून राहतो. मग हवा वर निघत नाही. शिवाय क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, रिलीज बेअरिंग झिजतं, प्लेट स्लिप व्हायला लागते.

बोटानं पॅडल हळू दाबा. सुरुवातीला थोडं अंतर अगदी हलकं जायला पाहिजे, मग जोर लागायला पाहिजे. नेमकं किती, ते गाडीच्या पुस्तकात असतं. भोक उघडं आहे का बघायचं तर डब्याचं झाकण काढा, चेहरा बाजूला ठेवा आणि पॅडल जरासं दाबायला सांगा. डब्यात तेलाची छोटी उसळी किंवा भोवरा दिसला तर वाट मोकळी आहे.

तेल

डब्याच्या झाकणावर जे लिहिलंय तेच. बहुतेक जुन्या ट्रकना डॉट ३ किंवा डॉट ४ चालतं. दोन्ही ग्लायकोलचीच. डॉट ३ चा कोरडा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस, डॉट ४ चा किमान २३०. पण हे तेल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरलेले चालतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात अजिबात मिसळायचं नाही. आणि झाकणावर मिनरल ऑइल लिहिलेलं असेल तर ब्रेक ऑइल घालायचं नाही. दोन्हींचं रबर वेगळं असतं.

डबा सीलबंदच घ्या. गेल्या पावसाळ्यात उघडून केबिनमध्ये ठेवलेला अर्धा डबा वापरू नका. कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसात उघड्या तेलात किती ओलावा मुरला असेल याचा अंदाज बाहेरून येत नाही. निघालेलं जुनं तेल काळं-तपकिरी असेल किंवा बुडाशी गाळ असेल, तर नुसती हवा काढून थांबू नका, स्वच्छ पिवळसर तेल येईपर्यंत सगळं बदला. क्लचच्या लाइनमध्ये तेल थोडंच असतं, अर्ध्या लिटरच्या डब्यात बहुधा सगळं उरकतं.

तयारी

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे, न्यूट्रल, इंजिन बंद, चावी खिशात. ट्रकखाली शिरायला बहुतेक जॅकची गरज पडत नाही. लागलाच तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, घोडी (लोखंडी स्टँड) लावायची. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. हे तेल डोळ्यांत गेलं तर भरपूर पाण्यानं धुवायचं आणि डॉक्टरकडं जायचं.

लागणारं सामान असं: निपलच्या मापाचा रिंग पाना (बहुधा १० किंवा ११ चा, पण घालून बघा, कारण सैल पाना निपलच्या कडा गोल करतो), निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी हातभर, एक पारदर्शक बाटली, स्वच्छ फडकी, पाण्याची बादली. नळी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सलाइनच्या सेटचीही चालते, निपलवर घट्ट बसली पाहिजे एवढंच. बाटलीत दोन बोटं ताजं तेल घाला आणि नळीचं टोक त्यात बुडवून ठेवा.

निपल जाम असेल तर जोर लावायच्या आधी तारेच्या ब्रशनं माती काढा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पाना लावून हलक्या हातोडीनं टिचक्या मारा. एकदम झटका दिला तर निपल आतच मोडतो, आणि मग सिलिंडर उतरवण्यावाचून मार्ग नसतो.

डब्याचं झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ पुसा. केबिनखाली बसलेली उसाची पाचट आणि माती सरळ तेलात पडते, आणि एक कण त्या बारीक भोकात बसला की सगळं आडतं.

हवा काढणं

सुरुवात पंपानं करू नका. डबा वरपर्यंत भरा, झाकण सैल ठेवा, निपलवर आधी रिंग पाना, मग नळी चढवा, निपल अर्धा आटा उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं तेल आपल्या वजनानं खाली येऊ द्या. मास्टर वर, स्लेव्ह खाली, त्यामुळं बरीच मोठी हवा अशीच निघते. हे होत असताना एकानं डब्यावर लक्ष ठेवायचं. डबा रिकामा झाला तर सगळं पहिल्यापासून.

नळी निपलपासून सरळ वर जाऊ द्या आणि बाटली निपलपेक्षा उंच टांगा. बुडबुडा नळीतून वर चढतो आणि निपलपाशी कायम तेल उभं राहतं, त्यामुळं आट्यातून चुकून ओढ बसली तरी हवेऐवजी बहुतेक तेलच परत जातं.

आता दोघांचं काम. आधी शब्द ठरवून घ्या, कारण गाडीखालून आवाज नीट पोचत नाही आणि आपल्याकडं वर बसणारा मराठी, खालचा मेस्त्री कन्नड, असं नेहमी होतं. कोणी "दाब, सोड" म्हणेल, कोणी "ओत्तु, बिडु". भाषा कुठलीही चालेल, पण वरच्यानं प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं आणि खालच्यानं सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही. क्रम असा:

"अण्णा, दाबा." पॅडल हळू, एका लयीत, तळापर्यंत. "दाबलंय." खालचा निपल पाव ते अर्धा आटा उघडतो, तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात. धार मंदावली की निपल बंद. त्यानंतरच "सोडा." वरचा पॅडल हळू सोडतो. दोन-तीन सेकंद थांबतो, म्हणजे मास्टर डब्यातून तेल भरून घेतो. मग पुन्हा "दाबा."

सगळं कौशल्य निपल बंद होणं आणि पाय उचलणं यांच्या क्रमात आहे. उघड्या निपलवर पॅडल वर आलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि जेवढी काढली तेवढी परत भरते. सुरुवातीला पॅडल खालीच चिकटून राहतं, वर येत नाही. घाबरायचं कारण नाही. खालच्यानं निपल बंद केल्याचं सांगितल्यावर हातानं पॅडल वर ओढा.

भराभर पंप मारण्याची सवय मोडा. जोरात मारलं की मोठा बुडबुडा फुटून बारीक फेस होतो आणि फेस पाइपातून निघायला तास जातो. तसं झालंच तर निपल बंद करा, झाकण लावा आणि अर्धा तास काहीच करू नका. फेस परत गोळा होतो, मग काढता येतो.

दर चार-पाच दाबांना डबा भरा. बुडबुडे थांबल्यावरही आणखी पाच-सहा दाब काढा. पाइपाच्या वळणांवर, विशेषतः चासीवरून गेलेल्या उंचवट्यावर, बुडबुडे चिकटून बसतात. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं पाइपावर टिचक्या मारत राहिलं की ते सुटतात.

हट्टी हवा

एवढं करूनही पॅडल मऊ असेल तर स्लेव्हकडं बघा. निपल त्याच्या सगळ्यात उंच बिंदूवर आहे का? नसेल तर हवा निपलच्या वर राहते आणि शंभर दाबांतही बाहेर येत नाही. बऱ्याच वेळा आधी कोणीतरी स्लेव्ह उलटा बसवलेला असतो. पाइप न सोडता स्लेव्हचे बोल्ट काढा, तो निपल वर येईल असा तिरका धरा आणि पिस्टन बाहेर उडू नये म्हणून पुश रॉड तारेनं किंवा क्लॅम्पनं घट्ट बांधून मग ब्लीड करा. बांधल्याशिवाय पॅडलला पाय लावायचा नाही.

स्लेव्ह सुटलेलाच असेल तर आणखी एक सोपी युक्ती आहे. निपल बंद, डब्याचं झाकण सैल, आणि पुश रॉड अंगठ्यानं सावकाश पूर्ण आत दाबा. स्लेव्हमधलं तेल हवेसकट पाइपातून उलटं वर डब्यात जातं, डब्यात बुडबुडे फुटलेले दिसतात. रॉड हळू परत येऊ द्या, पुन्हा दाबा. ही रीत मला पंपापेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण हवेचा कल मुळात वर जाण्याचाच असतो आणि इथं तिला तिच्याच वाटेनं जाऊ देतो.

तेच तत्त्व पिचकारीनंही वापरता येतं. मोठी नवी सिरिंज घ्या, ताज्या तेलानं भरा, नळीतली हवा आधी बाहेर काढा, निपलला लावा, निपल उघडा आणि हळू वर ढकला. आधी डब्यातलं अर्धं तेल काढून ठेवा, नाहीतर ते भरून केबिनच्या रंगावर सांडेल. नवा पाइप किंवा नवा मास्टर बसवल्यावर मी इथूनच सुरुवात करतो.

मास्टरच्या तोंडाशीच अडकलेल्या हवेला वेगळा उपाय. पॅडल पूर्ण न दाबता वरच्या एक-दोन इंचांत हलकं खालीवर करत राहा आणि डब्यात बघा. त्या बारीक भोकातून बुडबुडे एकेक करून वर येतात.

हवेच्या मदतीचा क्लच

काही जड गाड्या आणि टिपरमध्ये स्लेव्हच्या जागी क्लच बूस्टर असतो. त्याला तेलाची लाइन आणि ब्रेकच्या टाकीतून हवेची लाइन, दोन्ही असतात. अशा गाडीचं पॅडल अचानक दगडासारखं जड झालं, तर आधी हवेचा गेज बघा. दाब कमी असेल किंवा बूस्टरमधून हवा सुटल्याचा सू-सू आवाज येत असेल, तर तेल ब्लीड करून काही होणार नाही. टाकीतलं पाणी रोज सोडत नसाल तर तेच पाणी बूस्टरमध्ये जाऊन आतलं सगळं गंजवतं. बूस्टर ब्लीड करताना टाकीत दाब ठेवायचा की सोडायचा हे मेकप्रमाणं बदलतं, ते गाडीच्या पुस्तकाप्रमाणंच करा.

झाल्यावर

निपल बेताचा घट्ट करा, तो पोकळ आणि नाजूक असतो. त्याची रबरी टोपी बसवा. नसेल तर नवी आणा, कारण उघड्या निपलमध्ये माती बसते आणि पुढच्या वेळी तीच आत जाते. सांडलेलं तेल पाण्यानं धुवा, नुसतं पुसून रंग वाचत नाही. बाटलीतलं जुनं तेल परत डब्यात घालायचं नाही, गटारात किंवा बांधावरही ओतायचं नाही. गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपाजवळ वेगळ्या बंद डब्यात ठेवून भंगारवाल्याला त्याच्यासोबत द्या.

डबा काठोकाठ भरू नका, वरच्या खुणेच्या आत ठेवा. ब्रेकचं तेल लायनर झिजेल तसं खाली जातं, पण ज्या क्लचमध्ये स्लेव्ह आपोआप जुळवून घेतो तिथं उलटं होतं. प्लेट झिजेल तसा स्लेव्हचा पिस्टन मागं ढकलला जातो आणि डब्यातली पातळी वर चढते. अशा गाडीत पातळी खाली जात असेल तर ती गळतीच समजा.

आता खडूनं लिहिलेल्या आकड्याशी तुलना करा. पुश रॉड आधीपेक्षा जास्त सरकला पाहिजे आणि लागोपाठ तीन दाबांना तोच आकडा आला पाहिजे. दर दाबाला आकडा वाढत गेला तर हवा अजून आहे. मग रिव्हर्सची चाचणी, थंड गाडीवर एकदा आणि गाडी चालून गरम झाल्यावर एकदा. पहिली फेरी रिकामी गाडी घेऊन सपाट रस्त्यावर मारा. घाटातली भरलेली फेरी त्यानंतर.

वेळेचं म्हणाल तर दोन वर्षांतून एकदा तेल बदलणं ठीक. खानापूरच्या जंगलपट्ट्यात किंवा गोव्याच्या लाइनवर चालणारी गाडी असेल तर दर वर्षी. खंडेनवमीला आपण गाडी धुऊन पूजा करतोच आणि लगेच उसाचा हंगाम लागतो. पूजेच्या आदल्या आठवड्यात बूट उचलून बघणं, होज चाचपणं आणि तेल बदलणं ही तिन्ही कामं जमून जातात.

ब्लीड केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, डबा बघा. पातळी रात्रीएवढीच असेल आणि पहिल्याच दाबाला पॅडल भरलेलं लागलं तर गाडी भरायला लावा. पातळी एका रेघेनंही उतरली असेल तर परत स्लेव्हचं बूट उचला.